कोठीतल्या तारा

'स्विच' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर भिंतीवरचे दिव्याचे बटण उभे राहते. २०२४ च्या मार्च महिन्यात धानोऱ्याहून आम्हांला दूरध्वनी आला, "काका, आम्हांला स्विच घ्यायचे आहेत, कोणते घेऊ ते सांगा," तेव्हा शेजारी बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींचाही हाच समज झाला. बटणे विचारायला कोणी गडचिरोली जिल्ह्यातून वसईला फोन करतो काय, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले होते. आम्ही दूरसंचार खात्यात तंत्रज्ञ म्हणून उभी हयात घालवलेली. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या कचेऱ्यांतील संगणकांच्या तारा जोडून देण्याचा नाद लागला. फोन करणारा आमच्या जुन्या स्नेह्याचा मुलगा. शिक्षण संपल्यावर तो त्या वनप्रदेशात कामाला गेला आणि तिथलाच झाला. आज तो एका लहान संस्थेचे कार्यालय सांभाळतो.

त्या संस्थेचे काम हिशेबाचे. पेसा कायदा १९९६ चा आणि वनहक्क कायदा २००६ चा. या दोहोंच्या आधाराने त्या भागातील अनेक ग्रामसभा आपल्या जंगलातील तेंदूपाने आणि बांबू स्वतःच विकतात. धानोऱ्यापासून तीनेक किलोमीटरवर असलेल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ च्या एप्रिल महिन्यात तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत तिथल्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक मिळाले, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचले असेल. पण विक्री आली की वही आली, पावती आली, बँक आली. हे कागदकाम करण्यासाठी ग्रामसभांना साहाय्य करणाऱ्या ज्या संस्था आहेत त्यांपैकी ही एक. प्रारंभी चार संगणक होते. आम्ही गेलो तेव्हा एकतीस झाले होते.

नागपूरपर्यंत आगगाडी, तेथून गडचिरोली, आणि गडचिरोलीहून धानोऱ्याकडे साग-मोहाच्या झाडीतून जाणारी एसटी. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. मोहफुलांचा हंगाम सरून तेंदूची तयारी सुरू होती. उन्हाविषयी आम्ही किनाऱ्यावरच्या माणसाने काय लिहावे! आमच्या घामाच्या उन्हात आणि तिथल्या कोरड्या उन्हात जो फरक आहे तो एसटीच्या खिडकीची सळई हाताला लागली तेव्हा कळला.

कार्यालय कौलारू. मागच्या बाजूला पूर्वीची धान्याची कोठी. तिच्यात आता जुन्या पावत्यांचे गठ्ठे आणि संगणकांच्या तारा एकत्र नांदत होत्या. दार उघडले आणि आमची आम्हांलाच लाज वाटली, कारण असाच देखावा आम्ही वसईत अनेकदा पाहिला आहे आणि काही ठिकाणी तो आमच्याच हातून घडला आहे. आठ-आठ पोर्टांचे पाच छोटे स्विच, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आगगाडीच्या डब्यांसारखे जोडलेले. प्रत्येकाचा वेगळा अडॅप्टर, ते सारे एकाच लांबट बोर्डात खुपसलेले, वर चिकटपट्टी. नवा संगणक आला की बाजारातून एक 'डबा' आणायचा आणि शेवटच्या डब्याला जोडायचा, अशी ही वाढ. एकाही माणसाने यात चूक केली नव्हती. प्रत्येक वेळचा निर्णय त्या दिवसापुरता योग्यच होता. पण पाचव्या डब्यावरच्या मुलीला फाइल उघडायची तर तिची हाक चार डब्यांतून जायची, आणि दुसऱ्या डब्याने डोळे मिटले की पुढचे तिघेही आंधळे.

याहून कठीण प्रकार अंगणात होता. आवार ऐसपैस, प्रशिक्षणाचे सभागृह पलीकडच्या टोकाला. आम्ही टेप लावून मोजले, एकशे तीस मीटर भरले. तांब्याच्या तारेवरून हे जाळे शंभर मीटरच्या पुढे नेऊ नये असा नियम आहे. त्यावर कोणीतरी तोडगा काढला होता: वाटेतल्या मोहाच्या झाडावर प्लास्टिकच्या डब्यात एक स्विच बांधून ठेवलेला. युक्तीला दाद द्यावी तेवढी थोडी. मात्र त्या प्रदेशात वळवाच्या पावसाआधी विजा कशा कोसळतात हे ठाऊक असलेल्या माणसाने उघड्यावरून तांबे नेऊ नये. आदल्या वर्षी त्या तारेतून आत आलेल्या झटक्याने दोन संगणक आणि एक छपाईयंत्र निकामी केले होते.

पण आम्हांला बोलावले गेले ते त्यासाठी नव्हे. २०२३ च्या मे महिन्यात, तेंदूच्या ऐन हंगामात, कार्यालयाचे सगळे संगणक एकदम मुके झाले होते. पाचही डब्यांवरचे दिवे एका लयीत वेड्यासारखे लुकलुकत होते. फळीवरून आलेले मजुरीचे तक्ते तपासून बँकेकडे पाठवायचे होते. शेकडा पुड्यांच्या भावाने ज्यांनी रानातून पाने खुडून आणली त्यांच्या हाती पैसा पडणे त्या तक्त्यांवर अवलंबून. दीड दिवस काही हालले नाही. गावोगावची माणसे येऊन ओट्यावर बसली आणि परत गेली. कोणी भांडले नाही, असे व्यवस्थापक सांगत होते, आणि त्याचेच त्यांना अधिक वाईट वाटत होते.

कारण अखेर सापडले ते असे. झाडलोट करणाऱ्या मावशींना जमिनीवर तारेचे एक सुटे टोक दिसले. निसटले असेल, बिचाऱ्या कोणाचे तरी काम अडेल, अशा सद्भावनेने त्यांनी ते समोरच्या मोकळ्या भोकात बसवले. त्या तारेचे दुसरे टोक त्याच स्विचमध्ये होते.

एवढ्याने सारे कार्यालय कसे बंद पडावे? स्विच म्हणजे टपाल वाटणारा पोस्टमन. कोणते घर कोणत्या गल्लीत आहे हे तो येणाऱ्या पत्रांवरच्या पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून शिकत जातो. परंतु काही पत्रे सर्वांसाठी असतात. ती तो आली त्या वाटेखेरीज बाकी सर्व वाटांनी पाठवतो. आता वाट वळसा घेऊन पुन्हा त्याच्याच दारी आली तर तेच पत्र त्याच्या हाती नव्याने पडते, आणि तो प्रामाणिकपणे ते पुन्हा सर्वांना वाटतो. या पत्रांवर 'इतक्या फेऱ्यांनंतर फाडून टाका' असे काही लिहिलेले नसते. क्षणार्धात लाखो प्रती फिरू लागतात आणि खऱ्या टपालाला वाट उरत नाही.

या रोगावर औषध १९८५ सालीच निघाले आहे. रेडिया पर्लमन या अमेरिकन विदुषी डिजिटल इक्विपमेंट कंपनीत होत्या. स्विचांनी एकमेकांशी बोलून आपल्यातला वळसा ओळखावा, जास्तीची वाट तात्पुरती मिटवावी, आणि जाळ्याला झाडाचे रूप द्यावे, म्हणजे बुंध्यापासून प्रत्येक पानापर्यंत एकच वाट, अशी रीत त्यांनी शोधली. चालू वाट तुटली तर मिटवलेली वाट आपोआप उघडते, हा आणखी लाभ. बाईंनी त्या शोधावर एक छोटी कविताही रचली, आणि तिचा साचा घेतला जॉइस किल्मर या कवीच्या झाडांवरील १९१३ सालच्या कवितेवरून. कॉन्व्हेंट शाळेत शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांनी ती मूळ कविता पाठ म्हटली असेल. यंत्रशास्त्राच्या निबंधात कविता घालणारी व्यक्ती आम्हांला फार आवडते.

स्विचच्या जन्मकथेत आपल्या देशाचाही एक धागा आहे. इथरनेट नावाची ही पद्धत रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात मांडली. त्या वेळी सगळे संगणक एकाच जाड तारेवर लटकत आणि एकाने बोलले की बाकीच्यांनी गप्प बसायचे. प्रत्येक दाराला स्वतंत्र वाट देणारा पहिला इथरनेट स्विच १९९० साली बाजारात आला, सात पोर्टांचा. तो ज्या कंपनीने काढला तिचे नाव 'कल्पना'. संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज यांच्या पत्नीचे हे नाव. पुढे १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली आणि नाव लोपले. आम्ही ही हकीकत कार्यालयात सांगितली तेव्हा हिशेबनीस बाई म्हणाल्या, "म्हणजे डब्याचं नाव बाईचं होतं म्हणा की." त्या दिवसापासून मुख्य स्विचला तिथे कल्पनाताई म्हणतात.

आता निवडीकडे. नागपूरच्या एका विक्रेत्याने आधीच दरपत्रक पाठवले होते: अठ्ठेचाळीस पोर्टांचा एक भव्य स्विच, सर्व दारांतून तारेवाटेच वीज पुरवणारा. हिशेब सोपा आहे. मूळच्या २००३ सालच्या प्रमाणानुसार एका दारातून १५.४ वॅट, अठ्ठेचाळीस दारांचे झाले सुमारे ७४० वॅट. संस्थेला अशी वीज हवी होती ती चार कॅमेरे आणि तीन वाय-फाय यंत्रे, अशा सात उपकरणांना. प्रत्येकी पूर्ण पंधरा वॅट धरले तरी शंभराच्या आसपास. उरलेल्या सामर्थ्याचे पैसे कशाला मोजायचे? शिवाय असल्या यंत्रात पंखे असतात, पंखे धूळ ओढतात, आणि धूळ साचली की पंखा थांबतो. यंत्र वाईट नव्हते; पुण्या-मुंबईच्या थंड खोलीत ते उत्तम चालले असते.

विक्रेत्याच्या कागदावर बारीक अक्षरांत एक ओळ होती: चालण्याचे तापमान शून्य ते चाळीस अंश. आम्ही शाळेतून तापमापक मागून आणला आणि दुपारी तीन वाजता कोठीत टांगला. एक्केचाळीस. आणि मे अजून यायचा होता. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे सहज जातो, हे सर्वश्रुतच आहे.

इथे आमच्या जुन्या खात्याची आठवण आल्यावाचून राहिली नाही. १९८४ च्या ऑगस्टमध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली तेव्हा तिच्यापुढे छत्तीस महिने आणि छत्तीस कोटी रुपये एवढीच शिदोरी होती. परदेशी एक्स्चेंजे वातानुकूलित खोली मागत, आणि आपल्या खेड्यात ती खोली कोठून यायची? म्हणून या मंडळींनी एकशे अठ्ठावीस लाइनींचे ग्रामीण एक्स्चेंज असे बनवले की ते धुळीत, उष्म्यात, वातानुकूलनाविना चालावे. १९८६ च्या जुलै महिन्यात कर्नाटकातील कित्तूर येथे पहिले सुरू झाले. आम्ही तरुणपणी ठाणे जिल्ह्याच्या आतल्या भागात असली एक्स्चेंजे सांभाळली आहेत. दिसायला अगदी बेतास बात. पण बिघडले की आतली एक पाटी काढायची, सुटी पाटी बसवायची आणि एसटी पकडायची. धानोऱ्याच्या कोठीत उभे राहून आम्हांला ते एक्स्चेंज जितके सुंदर वाटले तितके चाकरीत असताना कधी वाटले नव्हते.

आणखी एक आठवण आली, ती मात्र सुखाची नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका पतसंस्थेने असाच सल्ला विचारला होता. आम्ही नुकतेच नवे काही शिकलो होतो. मोठ्या हौसेने महागडा, सर्वगुणसंपन्न स्विच घ्यायला लावला, रात्री बसून त्यात बारा प्रकारच्या सोयी घातल्या, पासवर्ड आमच्या डायरीत लिहिला. डायरी आमच्या घरी. दोन वर्षांनी आम्ही आजारी पडलो. तेव्हा तिथे एक टेबल हलवायचे होते, आणि त्या टेबलाचे दार आम्ही कोणत्या गटात घातले आहे हे कोणालाच कळेना. शेवटी त्या मंडळींनी बाजारातून एक साधा डबा आणला आणि आमच्या महायंत्राला वळसा घालून सगळ्या तारा त्यात खोचल्या. बरे झाल्यावर आम्ही भेटीला गेलो तर ते यंत्र कपाटात दिवे लुकलुकवत एकटेच बसले होते. कोणी आम्हांला बोल लावला नाही. सभासदांचे पैसे आमच्या हौसेपायी गेले, एवढे मात्र खरे.

त्यामुळे धानोऱ्यात आम्ही पहिला प्रश्न विचारला तो यंत्राचा नव्हता. "हे सांभाळणार कोण?" व्यवस्थापकांनी एका तरुणाकडे बोट दाखवले. तालुक्यातलाच गोंड मुलगा, बारावीनंतर संगणकाचा अभ्यासक्रम केलेला, बोलायला कमालीचा संकोची. संगणकाचा प्रत्येक रोग तोच पाहत असे. पण तारांच्या कोठीत मात्र, सगळे बंद पडेल या धाकाने, हात घालत नसे. मेची घटना त्याच्या मनाला लागली होती. दीड दिवस तो त्या दिव्यांसमोर बसून होता आणि कारण त्याच्या गुडघ्याला लागून पडले होते.

दुसरा अडसर सभेचा. त्या परिसरात सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत रुजलेली आहे, आणि या कार्यालयानेही ती उचललेली. खरेदी मोठी म्हणून सर्व कर्मचारी गोल करून बसले, मावशींसुद्धा. दोन संध्याकाळी गेल्या. आम्ही मनातून चरफडत होतो हे कबूल करतो. पोर्टांची संख्या बहुमताने ठरत नाही, मग सर्वसहमतीने कशी ठरावी? साध्या, बिनबुद्धीच्या स्विचांवर भागेल असे एक मत होते: "येवढं महाग कायले घ्याचं जी?" प्रश्न रास्त होता. साध्या स्विचच्या तीन-चारपट किंमत द्यायची तर तिचे कारण त्या खोलीतल्या प्रत्येकाला समजले पाहिजे. आम्ही पोस्टमनचा दृष्टान्त पुन्हा सांगितला. तेव्हा मावशी प्रथमच बोलल्या. "डब्बा हुशार असो का भोळा. पण चुकलं तं चुकलं असं आम्हाले दिसलं पायजे जी. त्या दिवशी समदे दिवे सारखेच लुकलुकत होते." वीस वर्षे या विषयात घालवून आम्हांला इतके नेमके मागणे मांडता आले नव्हते.

ठरले ते असे. मुख्य इमारतीत पंचवीस संगणक आणि इतर उपकरणे मिळून चौतीस जोडण्या, सभागृहात नऊ. मुख्य इमारतीत चोवीस पोर्टांचे दोन, सभागृहात तसाच एक. तिघेही एकाच जातीचे, बिनपंख्याचे, पन्नास अंशांपर्यंत चालणारे, वळसा ओळखून तेवढेच दार बंद करणारे आणि त्या दारावरचा दिवा वेगळा दाखवणारे. ग्रामसभांच्या हिशेबाचे संगणक एका गटात, पाहुण्यांचे वाय-फाय दुसऱ्यात. याखेरीज एकही चलाखी नाही. तारेवाटे वीज देणारा आठ पोर्टांचा एकेक छोटा स्विच प्रत्येक इमारतीत. अठ्ठेचाळीसचा एकच का नाही? एक गेला तरी अर्धे कार्यालय चालू राहावे म्हणून. अंगणातील तांबे काढून जमिनीखालून पाइपातून ऑप्टिकल फायबर; काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही. मोहाचे झाड मोकळे झाले.

आणि चोवीस पोर्टांचा चौथा स्विच, खोक्यात, वापरायचा नाही. यावर सर्वांत अधिक वाद झाला. पैसे देऊन वस्तू आणायची आणि कपाटात ठेवायची? नागपूरहून बदली यंत्र यायला किती दिवस लागतात, हे विचारल्यावर वाद मिटला.

अर्थात स्विचांवर एकूण रकमेच्या निम्म्याहून कमीच पैसा गेला. आम्ही भिंतीतल्या तिसऱ्या भोकात परीक्षक लावून पाहिला तर अर्थिंग नावालाच. तार भिंतीत शिरून तिथेच संपलेली. कोळसा-मीठ घालून नवा खड्डा केला. मांडणी छपरापासून खाली, उत्तरेच्या भिंतीवर आणली, कारण कौलांखाली उष्णता साचते. उंदरांसाठी जाळी. पावत्यांचे गठ्ठे दुसऱ्या खोलीत गेले. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक, आणि मावशींच्या सूचनेवरून सुटे टोक कोठेही ठेवायचे नाही हा दंडक. दरपत्रकात या गोष्टी कधी नसतात, म्हणून त्या राहून जातात.

जोडणीच्या दिवशी आम्ही खुर्चीवर हात मागे बांधून बसलो. हे आम्हांला फार जड गेले. तो तरुण एकेक आज्ञा वाचून टंकत होता, चुकत होता, पुसत होता. आमची बोटे शिवशिवत होती. दुपारी त्याने सगळी रचना चौकोनी वहीत हाताने काढली, पासवर्ड लिहून पाकीट व्यवस्थापकांच्या कपाटात टाकले. मग आम्ही मावशींना बोलावले आणि एक तार हातात देऊन म्हणालो, "मावशी, त्या दिवशीसारखी दोन्ही टोके लावा." त्या तयार होईनात. तरुणाने "लावा जी, मी आहो ना," म्हटले तेव्हा लावली. दोन दारांपैकी एकावरचा दिवा हिरव्याचा नारिंगी होऊन स्थिरावला. पलीकडच्या खोलीत हिशेबनीस बाई तक्ते भरत होत्या. त्यांना काही कळलेही नाही. मावशी बराच वेळ त्या नारिंगी दिव्याकडे पाहत उभ्या राहिल्या, मग स्वतःच्या हाताने तार काढून घेतली.

आम्ही वसईला परतलो. जूनच्या मध्याला दूरध्वनी आला तो सभागृहाच्या गळक्या कौलांविषयी विचारायला, आमचे एक मेहुणे त्या धंद्यात आहेत म्हणून. बोलता बोलता व्यवस्थापक म्हणाले, "हो, सांगायचे राहिले. आठ दिवसांपूर्वी सभागृहातला स्विच गेला. विजेच्या रात्रीनंतर सकाळी बंदच होता."

"मग मला फोन का नाही केला?" आम्ही विचारले.

"त्याने खोक्यातला काढून बसवला. वहीत पाहून केला. प्रशिक्षणाला आलेली माणसे चहा पिऊन येईपर्यंत चालू झाले होते." पलीकडून कोणाचा तरी दबका आवाज आला. "तो विचारतोय, खोके रिकामे झाले आहे, दुसरा केव्हा मागवायचा?"